टेराफ्लॉप्सवर जाऊ नका: पीएस५, सीरिज एक्स, सीरिज एस, पीएस५ प्रो आणि स्विच २ च्या हार्डवेअरचा रिव्ह्यू

कोणता कन्सोल जास्त पॉवरफुल हा वाद निघाला की पाच मिनिटांत टेराफ्लॉप्स हा शब्द येतोच, म्हणजे जीपीयू (चित्र काढणारी चिप) सेकंदाला किती लाख कोटी गणितं करू शकतो तो आकडा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरिज एक्सचे १२, सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे म्हणजे पीएस५ चे १०, झालं, विषय संपला, असं बरेच जण धरून चालतात. मी या पिढीतल्या सगळ्या मशीनवर भरपूर खेळलोय, एकच गेम दोन मशीनवर लावून शेजारी शेजारी बघितलाय, आणि माझं मत सरळ आहे, हा आकडा बघून कन्सोल निवडायचा नाही. आकडा खोटा नाहीये, पण तो एकाच गोष्टीचा आहे आणि गेम अडकतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू, हिशोब अगदी शाळेतला आहे. एएमडीच्या जीपीयूमध्ये कम्प्यूट युनिट असतात, प्रत्येकात ६४ शेडर म्हणजे गणितं करणारे छोटे भाग, प्रत्येक शेडर एका क्लॉकला (चिपच्या एका ठोक्याला) २ गणितं करतो, आणि मग त्याला क्लॉक स्पीडने गुणायचं. पीएस५ मध्ये ३६ युनिट आणि क्लॉक २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३, उत्तर साधारण १०,२८० गिगाफ्लॉप्स, तेच १०.२८ टेराफ्लॉप्स. सीरिज एक्समध्ये ५२ युनिट पण क्लॉक १.८२५, उत्तर १२.१५. सीरिज एसमध्ये २० युनिट, १.५६५, उत्तर ४. बस. यात मेमरी कुठे आहे? नाही. सीपीयू, म्हणजे गेमचं बाकीचं काम चालवणारा मुख्य प्रोसेसर? नाही. कॅश (चिपमधली छोटी फास्ट मेमरी), एसएसडी (गेम साठवणारी फास्ट डिस्क), काहीच नाही. सगळे शेडर सगळा वेळ कामात गुंतलेले आहेत असं धरून काढलेली वरची मर्यादा आहे ती, आणि खऱ्या गेममध्ये तसं कधीच होत नाही.

मग लोकांना याची एवढी सवय का लागली? तर २०१३ मुळे. तेव्हा पीएस४ मध्ये १८ युनिट होते, ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १.८४ टेराफ्लॉप्स, आणि एक्सबॉक्स वनमध्ये १२ युनिट, ८५३ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.३१. चाळीस टक्क्यांचा फरक. वर मेमरी, पीएस४ ला ८ जीबी जीडीडीआर५, १७६ जीबी प्रति सेकंद, आणि एक्सबॉक्स वनला साधी डीडीआर३, ६८ जीबी प्रति सेकंद, सोबत ३२ एमबीची छोटी फास्ट ईएसरॅम, जिच्यात मोठ्या रेझोल्यूशनचे बफर (तयार होत असलेल्या चित्राचा डेटा) बसवताना डेव्हलपरची दमछाक व्हायची. परिणाम पहिल्याच दिवशी समोर आला, कॉल ऑफ ड्यूटी घोस्ट्स पीएस४ वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी. डोळ्याला दिसणारा फरक होता तो. दोन्हीकडे एएमडीचीच चिप, एकाच पिढीची, त्यामुळे त्या वेळी आकडा खरं बोलत होता. त्याच्या आधीच्या पिढीत असं काही नव्हतं, पीएस३ चा सेल प्रोसेसर कागदावर राक्षस होता पण त्याच्यासाठी कोड लिहिणं महाकठीण आणि मेमरी २५६-२५६ एमबी अशी दोन भागांत तोडलेली, म्हणून सुरुवातीची कितीतरी वर्षं दोन्हीकडे येणारे गेम एक्सबॉक्स ३६० वर जास्त चांगले चालायचे. म्हणजे टेराफ्लॉप्सचा आकडा खरा ठरणं हाच अपवाद होता, आणि तो अपवाद लोकांनी नियम म्हणून डोक्यात ठेवला.

आता २०२० कडे या. सीरिज एक्स आणि पीएस५ मध्ये कागदावर १८ टक्क्यांचा फरक. सगळ्यांना वाटलं पुन्हा तेच होणार, यावेळी उलट्या दिशेने. झालं काय? पहिल्या वर्षात बऱ्याच गेममध्ये दोघं बरोबरीत आणि काही गेममध्ये पीएस५ पुढे. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पीएस५ चे युनिट कमी पण क्लॉक बराच जास्त, आणि क्लॉक वाढला की फक्त शेडर नाही तर जीपीयूमधलं बाकीचं सगळं पण तेवढंच जोरात पळतं. दोन्ही मशीनमध्ये पिक्सल लिहिणारे आरओपी ६४ च आहेत, मग ६४ गुणिले २.२३ म्हणजे पीएस५ सेकंदाला जवळपास १४३ अब्ज पिक्सल लिहू शकतो आणि सीरिज एक्स ६४ गुणिले १.८२५ म्हणजे जवळपास ११७ अब्ज. इथे पीएस५ २२ टक्क्यांनी पुढे! ज्या सीनमध्ये धूर, ठिणग्या, पारदर्शक थर एकावर एक चढलेले असतात तिथे हा आकडा कामाला येतो, आणि जिथे लायटिंगची जड गणितं असतात तिथे सीरिज एक्सचे जास्तीचे युनिट कामाला येतात. एकाच गेममध्ये दोन्ही प्रकारचे सीन असतात, म्हणून एका जागी हा पुढे आणि दहा पावलांवर तो पुढे असं दिसतं.

मेमरीचं पण बघा. दोघांकडे १६ जीबी जीडीडीआर६, पण पीएस५ ची सगळीच्या सगळी ४४८ जीबी प्रति सेकंद. सीरिज एक्समध्ये १० जीबी ५६० च्या स्पीडने आणि उरलेली ६ जीबी ३३६ च्या स्पीडने. त्यातली अडीच जीबी सिस्टिम घेते, म्हणजे गेमला साडेतेरा मिळतात, १० फास्ट आणि ३.५ स्लो. ऑडिओ, अॅनिमेशन, गेमचा डेटा स्लो भागात टाका, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) आणि बफर फास्ट भागात ठेवा, हे सगळं डेव्हलपरला जपून करावं लागतं. नीट केलं तर सीरिज एक्स जिंकतो, घाईत केलं तर तोच फायदा हातातून जातो. आणि शिवाय मायक्रोसॉफ्टची नवी डेव्हलपमेंट टूल्स लाँचच्या वेळी कच्ची होती, सोनीची आधीपासून रुळलेली होती, हा भाग कुठल्याच स्पेक शीटवर येत नाही.

समजा एखाद्या गेमने हे १८ टक्के पूर्णच्या पूर्ण वापरले, तरी तुम्हाला दिसणार काय? आजकाल जवळपास प्रत्येक मोठ्या गेममध्ये डायनॅमिक रेझोल्यूशन असतं, फ्रेम वेळेत बसत नसेल तर गेम गुपचूप पिक्सल कमी करतो. तेवढ्या फरकासाठी ३८४० बाय २१६० च्या जागी साधारण ३५३० बाय १९९० एवढंच उतरावं लागतं. चार हात लांब बसून हा फरक कोणाला कळणार सांगा. मी दोन्ही स्क्रीन शेजारी लावून, पॉज करून, गवताच्या पात्यांकडे डोळे बारीक करून बघितलंय, तेव्हा कुठे किंचित कडा मऊ वाटतात. खेळताना नाही दिसत.

दिसतं काय तर फ्रेम टाइम, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ. हेच मला या रिव्ह्यूमध्ये सांगायचंय. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. सरासरी ५८ आली म्हणून खूश होऊ नका, त्यातल्या काही फ्रेम १६ मध्ये आणि काही ३३ मध्ये येत असतील तर कॅमेरा फिरवला की झटके बसतात आणि डोळा ते लगेच पकडतो. एल्डन रिंगचं उदाहरण घ्या. २०२२ चा गेम, घोड्यावर बसून मोकळ्या मैदानात कॅमेरा गोल फिरवला की पीएस५ आणि सीरिज एक्स दोन्हीवर ६० टिकत नाही, सारखं खाली-वर होतं. आणि गंमत म्हणजे त्याच पीएस५ वर पीएस४ ची आवृत्ती टाकली, जिच्यात गवत कमी आणि रेझोल्यूशन कमी, तर ती जवळपास पक्की ६० वर चालते आणि हातात कितीतरी जास्त चांगली लागते. मशीन तेच, टेराफ्लॉप्स तेच. चित्र जरा साधं पण कंट्रोल लोण्यासारखा, मी तर तीच आवृत्ती निवडेन.

म्हणून ४० एफपीएसचा मोड मला या पिढीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. ४० म्हणजे २५ मिलिसेकंद, आणि २५ हे १६.७ आणि ३३.३ च्या बरोब्बर मधोमध आहे, म्हणजे ३० वरून ६० कडे जाताना जेवढा वेळ वाचतो त्यातला अर्धा ४० लाच वाचतो. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा रिफ्रेश होणाऱ्या टीव्हीवर प्रत्येक फ्रेम ३ रिफ्रेश टिकते, हिशोब पक्का बसतो, झटका नाही. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्टमध्ये हा मोड आला तेव्हापासून मी १२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर आधी हाच पर्याय शोधतो.

एसएसडीवर बोलायलाच हवं कारण या पिढीतली खरी उडी तिथेच आहे. पीएस५ ची एसएसडी ५.५ जीबी प्रति सेकंद, कॉम्प्रेस केलेला डेटा धरला तर ८ ते ९. सीरिज एक्सची २.४, कॉम्प्रेस्ड ४.८. कागदावर दुप्पट फरक, पण दोन्हीकडे येणाऱ्या गेममध्ये लोडिंगला दुप्पट फरक कधीच लागत नाही, बरेचदा एक-दोन सेकंद इकडे तिकडे, कधी कधी सीरिज एक्सच पुढे. कारण फाइल वाचून झाली तरी पुढे जग उभं करायचं काम सीपीयूला करावंच लागतं. तरी पण मागच्या पिढीतल्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला दोन्ही जादूच वाटणार. क्विक रिझ्यूम हे मात्र एक्सबॉक्सचं खास, एक गेम अर्ध्यात सोडला, दुसरा लावला, परत पहिल्यावर आलो की त्याच वळणावर गाडी उभी. सोनीकडे असं काही नाही आणि मला ते फार जाणवतं. उलट जागा वाढवायची असेल तर पीएस५ सोयीचा, बाजारात मिळणारी साधी एम.२ एसएसडी घ्या आणि आत बसवा, स्पीड तेवढा बघून घ्या. सीरिज एक्स आणि एसला त्यांचं खास कार्डच लागतं.

आता सीपीयू, जिथे सगळ्यांचीच मर्यादा आहे. दोघांकडे एएमडीच्या झेन २ डिझाइनचे ८ कोअर, पीएस५ मध्ये ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि सीरिज एक्समध्ये ३.८, किंवा प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड चालवले तर ३.६. फरक म्हटला तर नाहीच. बाल्डर्स गेट ३ मध्ये तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की फ्रेमरेट कोसळतो, गर्दी, प्रत्येक माणसाचं आपलं आपलं काहीतरी चाललेलं, आणि ते सगळं सीपीयूवर. ड्रॅगन्स डोग्मा २ चं पण तेच, शहरात गेलं की दम लागतो. इथे रेझोल्यूशन अर्धं केलं तरी काही उपयोग नाही, कारण जीपीयू बिचारा नुसता वाट बघत बसलेला असतो.

आता हेच लक्षात ठेवून पीएस५ प्रो बघा, साध्या पीएस५ चंच सोनीचं वरचं मॉडेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, ६० कम्प्यूट युनिट, १६.७ टेराफ्लॉप्स, म्हणजे साध्या पीएस५ पेक्षा ६२ टक्के जास्त. पण सोनीने स्वतः सांगितलेला रेंडरिंगचा वेग बघा, ४५ टक्के जास्त. कंपनीच सांगतेय की आकडा आणि काम यांच्यात एवढं अंतर आहे! कारण मेमरीचा स्पीड २८ टक्केच वाढलाय, ४४८ चा ५७६ झालाय, युनिट वाढले तरी त्यांना डेटा पुरवणारी वाट तेवढी रुंद झाली नाही. आणि सीपीयू तोच झेन २, एका मोडमध्ये क्लॉक थोडासा वाढतो एवढंच. मग जो गेम सीपीयूमुळे ३० वर अडकलाय तो प्रोवर ६० होणार नाही, हे घेण्याआधी नीट समजून घ्या. प्रोचा खरा उपयोग वेगळा आहे. साध्या पीएस५ वर क्वालिटी मोड घेतला तर ३० एफपीएस आणि परफॉर्मन्स घेतला तर चित्र धूसर, केसांच्या आणि पानांच्या कडा पुसट. प्रोवर पीएसएसआर नावाचं मशीन लर्निंगवालं अपस्केलिंग आहे, कमी रेझोल्यूशनचं चित्र घेऊन ते मोठं करतं, आणि ज्या गेममध्ये ते नीट बसलंय तिथे ६० एफपीएसलाच क्वालिटी मोडच्या जवळचं चित्र मिळतं. काही गेममध्ये झाडीत, पाण्यात लुकलुक दिसते, सगळीकडे सारखं नाही. मोठा ४के टीव्ही असेल आणि जवळ बसत असाल तर फरक दिसतो, खरंच दिसतो. छोट्या स्क्रीनवर पैसे वाया. डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, ज्यांच्याकडे डिस्कचा साठा आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.

सीरिज एसबद्दल मला वाईट वाटतं. कल्पना छान होती, तोच सीपीयू, तशीच एसएसडी, फक्त जीपीयू छोटा, १४४०पी वर खेळा, छोटासा डबा, आवाज नाही, विजेचा खर्च अगदी कमी. चुकलं ते मेमरीत. एकूण १० जीबी, त्यातली ८ जीबी २२४ च्या स्पीडने आणि २ जीबी ५६ च्या स्पीडने. रेझोल्यूशन कमी केलं की टेक्स्चर आणि बफरची जागा वाचते, पण गेमचं जग, अॅनिमेशन, लॉजिक, रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांच्या गणिताचं) स्ट्रक्चर यांना लागणारी मेमरी पिक्सलबरोबर कमी होत नाही. बाल्डर्स गेट ३ चंच बघा, पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सीरिज एसवर स्प्लिट स्क्रीन बसेना, शेवटी एसपुरती ती सोय वगळून गेम काढावा लागला. आणखी एक गोष्ट, जुन्या एक्सबॉक्स वन एक्समध्ये १२ जीबी होती, म्हणून त्याच्यासाठी सुधारलेले जुने गेम सीरिज एस त्या सुधारणांसकट चालवू शकत नाही, साध्या एक्सबॉक्स वन एसची आवृत्ती चालवतो. नवीन मशीन, पण जुन्यापेक्षा कमी रेझोल्यूशन! वन एक्सचे टेराफ्लॉप्स ६ आणि सीरिज एसचे ४, तरी सीपीयूच्या जोरावर नव्या गेममध्ये एस कितीतरी पुढे, आणि मेमरीमुळे जुन्या गेममध्ये मागे. एका मशीनमध्ये दोन्ही टोकं बघायला मिळतात.

आणि आता माझा आवडता भाग, निंटेंडोचा स्विच २, हातात धरूनही चालतो आणि डॉकमध्ये ठेवून टीव्हीवरही. जून २०२५ ला आला. एनव्हिडियाची चिप, १५३६ कुडा कोअर (शेडरसारखेच भाग), डॉकमध्ये तीनच्या आसपास टेराफ्लॉप्स आणि हातात धरून १.७. लक्षात घ्या, १.७ म्हणजे पीएस४ पेक्षा कमी. आता सायबरपंक २०७७ आठवा. डिसेंबर २०२० ला पीएस४ वर तो इतका वाईट चालला की सोनीने आपल्या स्टोअरवरूनच काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत परत आणला नाही. तोच गेम स्विच २ वर पहिल्या दिवशी आला आणि हातात धरून चालतो. गेमवर पुढच्या वर्षांत खूप काम झालं हे मान्य, पण हार्डवेअरचा वाटा मोठा आहे. पीएस४ मध्ये १.६ गिगाहर्ट्झचे कमकुवत जॅग्वार कोअर आणि हार्ड डिस्क होती, गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता लोडच व्हायचा नाही. स्विच २ मध्ये एआरएमचे ए७८सी कोअर, यूएफएस ३.१ स्टोरेज, १२ जीबी मेमरी, ज्यातली ९ जीबी गेमला, म्हणजे सीरिज एसपेक्षाही जरा जास्तच. आणि वर डीएलएसएस, कमी पिक्सल काढून त्यातून नीट चित्र उभं करणारं. परफॉर्मन्स मोडमध्ये सायबरपंक ४० एफपीएसचं लक्ष्य ठेवतो, तेच २५ मिलिसेकंदवालं गणित, आणि स्क्रीन १२० हर्ट्झची असल्याने हातात ते छान बसतं.

हे सगळं किती विजेवर? बॅटरी ५२२० एमएएच, म्हणजे साधारण २० वॉट-तास, आणि जड गेमला निंटेंडोच्याच म्हणण्यानुसार २ तासांपासून पुढे. म्हणजे स्क्रीन धरून १० वॉट. पीएस५ जड गेममध्ये दोनशे वॉटच्या आसपास खेचतो. वॉटमागे काम बघितलं तर या पिढीत स्विच २ च्या जवळपास कोणी नाही, माझ्या मते हार्डवेअरची कमाल म्हणून पहिला नंबर त्याचाच. कमजोरी सीपीयूची, डॉकमध्ये क्लॉक १ गिगाहर्ट्झच्या आसपासच आहे, दोन कोअर सिस्टिमला राखीव, त्यामुळे सीपीयूवर जड असलेले नवे गेम यावर ३० लाच राहणार, आणि जिथे पीएस५ लाच धाप लागते तिथे याचे हाल होणार. बॅटरी पण मला कमी पडते. मेमरी कार्ड घेताना मायक्रोएसडी एक्स्प्रेसच घ्या, जुन्या स्विचचं कार्ड टाकून गेम चालत नाहीत.

आवाज आणि गरमीबद्दल थोडक्यात. सीरिज एक्स वरून गरम हवा फेकतो, आत व्हेपर चेंबर, एक मोठा पंखा, आणि जड गेममध्ये पण जवळपास शांत, या बाबतीत डिझाइन म्हणून मला तो सगळ्यात जास्त पटतो. पीएस५ मध्ये चिपची उष्णता ओढून घेणारं लिक्विड मेटल आहे, पंखा पण मोठा आहे, मशीन अवाढव्य आहे पण पीएस४ प्रोसारखं विमान उडत नाही. पीएस५ चा क्लॉक खाली-वर होतो म्हणून लोक उगाच घाबरतात, तो तापमानावर नाही तर चिप किती काम करतेय त्यावर ठरतो, त्यामुळे खोली गरम असो की थंड, प्रत्येक पीएस५ सारखाच चालतो.

आज कोणी मला विचारलं तर मी सांगेन, टीव्हीला खेळायचं आणि एकच मशीन ठेवायचं तर साधा पीएस५, कारण यात कुठलाच भाग दुसऱ्या भागाला फार अडवत नाही आणि डेव्हलपर बहुतेक वेळा त्यालाच नजरेसमोर ठेवून गेम बसवतात. जुने एक्सबॉक्सचे गेम ज्यांच्याकडे साठलेत त्यांनी डोळे झाकून सीरिज एक्स, पार २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सपर्यंतचे कितीतरी गेम त्यावर चालतात आणि तेही जास्त रेझोल्यूशनवर. सीरिज एस आता नव्याने घेऊ नका. प्रो घ्यायचा तर आधी टीव्ही बघा.

टीव्हीवरून आठवलं, घेतलेला कन्सोल अर्धाच वापरणारे खूप जण आहेत. एचडीएमआय २.१ ची पोर्ट बहुतेक टीव्हीत एक किंवा दोनच असतात, केबल दुसऱ्याच पोर्टात लावलेली असते आणि १२० हर्ट्झ कधी चालूच होत नाही. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे टीव्हीने आपला रिफ्रेश बदलणं, ते पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करावं लागतं. पीएस५ वर ते ४८ ते १२० च्या पट्ट्यात काम करतं, गेम ४८ च्या खाली गेला की परत झटके, तर एक्सबॉक्स त्याच्या खाली गेल्यावर तीच फ्रेम दोनदा दाखवून सिस्टिमच्याच पातळीवर सांभाळून घेतो. म्हणून एल्डन रिंगसारखा ४५ ते ६० मध्ये हेलकावे खाणारा गेम व्हीआरआरच्या टीव्हीवर मला सीरिज एक्सवरच जास्त आवडतो, आणि व्हीआरआर नसलेल्या टीव्हीवर पीएस५ वरची ती पीएस४ ची आवृत्ती.